फ्लेक्सवरचं चुकीचं विमान

तात्या, तुमच्या फ्लेक्सवर विमान चुकीचं छापलंय.

फाट्यावर लावलाय, खताच्या दुकानासमोर. तुमचा आधार कार्डासाठी काढलेला फोटो मोठा केलाय. त्यात तुम्ही कुणाला तरी झापायच्या बेतात असल्यासारखे दिसता. खाली भावकीतल्या झाडून सगळ्यांची नावं आहेत, आणि तुमच्या डोक्यावरून एक टोकदार लढाऊ विमान चाललंय, मागं आगीचा लोट सोडत. तुम्ही नोकरीत होता तेव्हा हे विमान जन्मालाही आलं नव्हतं. नावाखाली लाल अक्षरात लिहिलंय : 'बॉम्बर पायलट, १९७१ चे युद्ध'.

हे सगळं आपल्या बापूनं केलं. तुमचा पुतण्या, दुसरा कोण पुढं होणार. मी विचारलं, "बापू, कुठलं विमान टाकलंस रे हे?" तर म्हणतो, "दादा, मोबाईलवर बॉम्बर म्हणून टाकलं तर लई बेढब आली. हे कसं शोभून दिसतंय." तुमची विमानं तशीच होती, बॉम्ब पोटात ठेवायचे म्हटल्यावर पोट मोठंच लागणार. पण पोरानं तीन दिवस धावपळ केली, मंडप आणला, सगळ्या पाहुण्यांना फोन लावले, माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला तो पण त्यानंच. त्याच्यावर कुठं ओरडायचं.

विमानाचं मला एवढं काही नाही. खटकला तो 'पायलट'. तुम्ही असता तर फाट्यावरून जाताना मान खाली घालून गेला असता, नेहमीसारखे. आणि का, ते फक्त मला माहीत आहे.

तुम्ही आर्मामेंट फिटर होता. विमानाच्या पोटाखाली उकिडवं बसायचं, बॉम्ब विंचनं वर ओढून अडकवायचे, फ्यूज बसवायचे, सगळं तपासायचं. शेवटी लाल फडकं लावलेल्या सुरक्षेच्या पिना काढून घ्यायच्या आणि विमान गेलं की खाली थांबायचं. मला हे लहानपणापासून माहीत होतं. गावाला माहीत नव्हतं. गावाच्या हिशेबानं हवाई दलातला माणूस म्हणजे पायलटच, आणि तुम्ही कधी कुणाला नाही म्हणाला नाहीत, हो पण म्हणाला नाहीत.

तुम्ही वीस वर्षांची नोकरी संपवून वस्तीवर आलात तेव्हा मी सातवीत होतो. तोवर बाप म्हणजे वर्षातून एकदा ट्रंक घेऊन येणारा माणूस. आल्या आल्या तुम्ही विहिरीवरची मोटर खोलली. गोणपाट अंथरलं, त्यावर पाने एका ओळीत मांडले, लहानापासून मोठ्यापर्यंत. काम झालं. आई म्हणाली, करा आता चालू, कांद्याचं रोप माना टाकतंय. तुम्ही गोणपाटाकडं बघितलं. दहा नंबरचा पाना नव्हता.

"पाना घावल्याबिगर बटन दाबायचं न्हाई."

"अवो, मोटरीत थोडाच गेलाय त्यो," आई म्हणाली.

"कशावरनं?"

मोटर परत खोलली. सगळी दुपार त्यात गेली. आई रोपाकडं बघून कपाळाला हात लावत होती. दिवस मावळायला पाना माझ्या चड्डीच्या खिशात निघाला, सायकलची चेन बसवायला मी उचलला होता. मला वाटलं आता चामडी लोळवणार. तुम्ही पाना पुसला, जागेवर ठेवला, मग बटण दाबलं. मला एवढंच म्हणालात, "संज्या, इमानात पाना ऱ्हायला तर मानसं मरत्यात." मी मनात म्हटलं, इथं कुठं आलंय विमान, इथं तर रोप मेलं.

तुमच्या त्या तपासण्यानं मला पुढंही लई छळलं. उसाची ट्रॉली भरली की दोर तुम्ही तीनदा ओढून बघणार, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, मागं कारखान्याला जायची रांग लागलीय, तुम्ही आपले गाठीला हात लावून उभे. मला लाज वाटायची. आणि तुमचं ते 'चाललंय'. मी तोफखान्यात भरती झालो. पंधरा-पंधरा दिवसांनी फोन लागायचा, मी ओरडून विचारायचो, "घरी सगळं ठीक ना?" तुम्ही म्हणायचा, "चाललंय." अरे, आईची तब्येत बरी, गाय व्याली, पाऊस झाला, मग 'ठीक आहे' म्हणायला काय जातंय? नाही. चाललंय. कारगिलला असताना तर मला या शब्दाचा रागच यायचा. डोंगरावर माणूस एक गोड शब्द ऐकायला फोनच्या रांगेत उभा राहतो आणि इकडून हे.

तिथून आलो तेव्हा स्टेशनवर तुम्ही एकटेच आला होता. आई घरी ओवाळायला थांबली होती. मला वाटलं मिठी मारतील, निदान पाठीवर हात ठेवतील. तुम्ही माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि विचारलं, "कान ठीक हायेत का?" बाकी सगळ्यांनी नंतर काय काय विचारलं, किती मारले, किती उंचीवर होता, टीव्हीवर दिसला का. कानाचं एकट्या तुम्ही विचारलंत. उजवा कान गेलाच होता अर्धा. मी म्हटलं, ठीक आहेत. त्यानंतर तुम्ही माझ्या उजवीकडं कधी बसला नाहीत. जेवताना, एसटीत, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, कायम डावीकडं. आणि हे माझ्या ध्यानात कधी आलं, तर परवा. सुमी माझ्या उजवीकडं बसून बोलत होती आणि मला काही ऐकू येत नव्हतं. तुमच्या लेकीलाही ठाऊक नाही तात्या, माझा कुठला कान चालतो ते.

आता त्या सव्वीस जानेवारीचं लिहितो. टाळून चालणार नाही.

कारगिलहून आलो त्याच्या पुढची सव्वीस जानेवारी. शाळेच्या मैदानात झेंडावंदन झालं, मग आपल्या दोघांचा सत्कार. शाल, नारळ, टोप्या. तुम्ही माझ्या शेजारच्या खुर्चीत. तेव्हाचे सरपंच माईकवर सुटले होते, "बापानं इमानातून बॉम्ब टाकले, पोरानं तोफा डागल्या, आसं घर तालुक्यात दुसरं न्हाई." टाळ्या झाल्या. मग मला बोलायला लावलं. मी चोवीस वर्षांचा, अंगात वारं भरलेलं. लढाई मी बघितली होती, खरीखुरी, आणि मला वाटत होतं की जगातल्या सगळ्या खोट्या गोष्टी दुरुस्त करायचा ठेका आता माझ्याकडं आहे. मी म्हटलं, "सरपंचांनी चुकीचं सांगितलं. तात्या पायलट नव्हते. ते विमानात कधी बसलेच नाहीत. ते नुसते खाली राहून बॉम्ब उचलून ठेवायचे."

'नुसते' म्हणालो मी.

मागून कुणी तरी म्हणालं, "म्हंजी हमालच की." लोक हसले, आणि मीही हसलो.

तुम्ही शालीची घडी घातली. मांडीवर ठेवली. नारळ त्यावर ठेवला. घरी येताना माझ्याशी कांद्याच्या भावाबद्दल बोललात.

त्यानंतर पंचवीस वर्षांत तुम्ही एकाही झेंडावंदनाला आला नाहीत. गाव मात्र माझं बोलणं विसरून पुन्हा पायलटच म्हणायला लागलं. पंधरा ऑगस्ट आला की तुमची पाण्याची पाळी, सव्वीस जानेवारी आली की पाण्याची पाळी. पाटाला पाणी नव्हतं त्या वर्षीसुद्धा तुम्ही सकाळी फावडं घेऊन निघालात. मी घरी असलो की आई बघायची माझ्याकडं. मी बुटाला पॉलिश करत बसायचो.

आपण भांडलो नाही असं नाही. ठिबक बसवायचं की नाही यावर आपण दोन वर्षं भांडलो. गाय विकण्यावरून तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मी पेन्शनवर आलो, आई गेली, माझी बायको पोराच्या नोकरीपायी पुण्याला राहायला लागली. मग वस्तीवर आपण दोघेच, दोन रिटायर फौजी आणि एक कुत्रं. भाजीत मीठ किती, मोटर किती वाजता लावायची, टीव्हीचा आवाज किती, सगळ्यावर खटके उडायचे. एवढी तोंडं चालली आपली, पण त्या एका सकाळीबद्दल ना तुम्ही बोललात ना मी. मनात मात्र रोज होतं. माफी मागायची तर बसून, नीट मागू, असं म्हणत म्हणत मी पंचवीस वर्षं काढली.

शेवटी तुमचा हात थरथरायला लागला, म्हणून दाढी मी करायला लागलो. तुम्हाला ते आवडत नव्हतं. फेस जास्त झाला म्हणून कुरकुर, पाणी गार म्हणून कुरकुर. दिवाळीनंतरची गोष्ट, सकाळचं ऊन ओट्यावर आलेलं. मी रेझर लावला आणि तुम्ही एकदम बोलायला लागलात, जणू मागचं बोलणं अर्धवट राहिलं होतं.

"एक इमान आलं न्हाई, संज्या. म्या तयार केलेलं."

मी हात थांबवला.

तुम्ही सांगितलंत, विमान निघायच्या आधी नॅव्हिगेटर साहेब खाली येऊन विचारायचे, 'सब ठीक?' तुम्ही पिना मोजून त्यांच्यापुढं धरायच्या, जितके बॉम्ब तितक्या पिना, आणि म्हणायचं, 'सब ठीक, सर.' मग ते तुमच्या खांद्यावर थाप मारून शिडी चढायचे. त्या रात्रीही तसंच झालं. बाकीची विमानं आली. ते आलं नाही. तुम्ही मुठीत पिना धरून उजाडेपर्यंत धावपट्टीच्या कडेला उभे होता. बावीस वर्षांचे होता तुम्ही. माझ्या पोराएवढे.

"येखादा बॉम्ब अडकून ऱ्हायला आसंल का? सुटलाच नसंल आन् माघारी येताना... तू तोफखान्यात हुतास. तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "तात्या, त्यांच्या तोफांनी पाडलं असणार. लढाईत विमानं पडतात."

"कुनी बघितलं?"

मी रेझर पाण्यात खळबळला. मी पण डोंगरापलीकडं गोळे टाकलेत, कुठं पडले ते कधी बघितलं नाही. हे तरी तुम्हाला सांगायला हवं होतं. मला तेव्हा कळलं, माणूस फोनवर आयुष्यभर 'ठीक आहे' का म्हणाला नाही. ज्याला 'ठीक' म्हणालात तो परत आला नव्हता.

मग तुम्ही म्हणालात, "मंग कुनाला काय सांगायचं? पायलट न्हाई म्हटलं की इचारत्यात, मंग काय करायचा. त्ये सांगाया गेलं की ह्ये सगळं आलं. म्हनून पायलट म्हटलं तरी गप ऱ्हायलो. लोकं हसली तवा बी गप ऱ्हायलो."

तुम्ही दार उघडून दिलं होतं तात्या. मी नुसतं आत यायचं होतं. तोंडावर फेस, डोळे मिटून तुम्ही बसला होता. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मान वर करा, कापेल."

तुम्ही मान वर केली.

नंतर महिनाभर तुम्ही होता. रोज सकाळी दाढी केली. रोज म्हटलं, आज बोलू.

मग तुम्ही गेलात, आणि मी दशक्रियेवर सगळं ढकललं. दुसरं काय हातात होतं. आपल्याकडं ती एकच वेळ असते, जेव्हा माणूस चारचौघांत मेलेल्या माणसाशी मोठ्यानं बोलतो आणि कुणी त्याला वेडा म्हणत नाही. पिंडाला कावळा शिवत नाही, मग एकेक जण पुढं होतो, कुणी म्हणतं गाय विकणार नाही, कुणी म्हणतं नातीचं लग्न मी करतो. मी ठरवलं होतं. कावळा थांबणार, तुमच्या मनात ती सव्वीस जानेवारी असणारच, मग मी पुढं होऊन बोलणार. काय बोलायचं ते रात्रंदिवस घोकलं होतं.

प्रवरासंगमला गेलो. डोकं भादरलं, नदीचं पाणी गार होतं. गुरुजींनी पिंड मांडायला लावला. मी तो ठेवून मागं सरकतोय न सरकतोय तोच कावळा आला. मला नीट उभंसुद्धा राहता आलं नाही. एकच आला, पिंडावर चोच मारली, दही-भाताचा घास उचलला आणि गेला. घाटावर सगळ्यांना बरं वाटलं. बापू म्हणाला, "बघितलं का, लगीच." सुमी रडत होती, रडता रडता हसली. माझा ओला हात धरून म्हणाली, "दादा, तात्यांचं काही म्हणजे काही राहिलं नव्हतं रे." लोक तिला म्हणत होते, पुण्यवान माणूस, समाधानानं गेला.

मी तिथं टॉवेल गुंडाळून उभा. घोकलेलं सगळं तोंडात तसंच. मला तुमचा राग आला तात्या, खोटं कशाला सांगू. एवढी काय घाई होती? जरा थांबायचं होतं. एवढी पंचवीस वर्षं थांबलात.

मग मंडपात भाषणं. सोसायटीचे चेअरमन उठले. त्यांनी तुम्हाला कराचीवर नेलं, तीन वेळा नेलं, आणि तीन वेळा सुखरूप आणलं. शेवटी बापूनं आभाराला माईक माझ्या हातात दिला. पाहुणे उठायच्या बेतात होते, चपला शोधत होते.

मी म्हटलं, "माझे वडील पायलट नव्हते."

बापूचा चेहरा पडला. तेच वाक्य, तेच गाव, थोडं म्हातारं झालेलं. पण या वेळी मी तिथं थांबलो नाही. मी सांगितलं की माझा बाप हजार पौंडांचा बॉम्ब विमानाच्या पोटाखाली बसून हातानं जागेवर बसवायचा. तो हात जरासा चुकला तर विमान, माणसं, खालचे सगळे, काही उरत नाही. सांगितलं की वर जाणारी माणसं शिडी चढण्याआधी त्याला विचारायची, आणि तो हो म्हणाला तरच चढायची. न आलेल्या विमानाचं मी सांगितलं नाही. ते तुमचं होतं, मला दाढी करताना दिलेलं. मग म्हटलं, "कारगिलहून आलो त्या साली शाळेच्या मैदानात मी तात्यांना नुसते बॉम्ब उचलणारे म्हणालो. कुणी तरी हमाल म्हणालं. सगळे हसले, आणि मीही हसलो. ते मला सांगायचं होतं. आलेल्या सगळ्यांचे आभार."

लोक उठले, जेवायला गेले.

मला वाटलं, झालं. उशिरा का होईना, चारचौघांत झालं.

जेवणं उरकत आली तेव्हा भिका आबा काठी टेकत माझ्याकडं आले. वरच्या वस्तीवरचे, आता दात नाहीत, कमरेत वाकलेत. माझ्या उजव्या कानाशी बोलायला लागले. मी त्यांना डावीकडं घेतलं.

"हवालदार, हमाल म्या म्हनलो हुतो."

"माहीत आहे आबा. जाऊ द्या. सगळेच हसले त्या दिवशी."

"न्हाई." त्यांनी माझं मनगट धरलं. "म्या म्हनून गेलो आन् जीभ चावली. समदी गप झाली हुती. मला वाटलं आता ह्यो खाली उतरून कानाखाली वाजिवतो. तर तुमी हसला. तुमी हसला, मंग आमी हसलो."

त्याला आज पाच दिवस झाले. पाहुणे गेले, सुमी राहात्याला गेली, बायको परवा पुण्याला गेली, चल म्हणत होती, मी गेलो नाही. घरात आवाज नाही. मी इथं बसून ती सकाळ परत परत आठवून बघतोय. माझ्या आठवणीत हसणं कायम मागून यायचं, लोकांमधून, आणि मी त्यात सामील व्हायचो. असंच मी स्वतःला इतकी वर्षं सांगितलं. भिका आबा ऐंशीच्या पुढचे, त्यांची काही तरी गफलत होत असेल, असंही म्हणून बघितलं. पण गफलत त्यांची नाही. ती शांतता मला आता आठवते. एवढीशी होती. त्या शांततेत सगळं मैदान माझ्या तोंडाकडं बघत होतं, मी काय करतो ते.

आणि तुम्ही माझ्या शेजारी होता. तुम्हाला माहीत होतं, कोण आधी हसलं ते. तरी तोंडावर फेस घेऊन बसलात तेव्हासुद्धा 'लोकं हसली' म्हणालात. 'तू हसलास' असं म्हणाला नाहीत.

मंडपातही मी चुकीचंच सांगितलं तात्या. लोक नंतर हसले. आधी मी हसलो. माझं चुकलं.